जड गोळी, लांब पल्ला: हातानं भरलेल्या काडतुसाची जुळवाजुळव

गगनबावडा

बाराशे यार्ड म्हणजे अकराशे मीटरला थोडे कमी. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात बिस्ली म्हणून गाव आहे. तिथल्या स्टिकलडाउन रेंजवर सगळ्यात मागून नेम धरला की लक्ष्य इतकं लांब असतं. तिथे 'मॅच रायफल' हा प्रकार चालतो. कॅलिबर ७.६२ मिलिमीटर, म्हणजे .३०८, दुर्बीण चालते, अंतरं १०००, ११०० आणि १२०० यार्ड, आणि गोळी कोणती, दारू कोणती हे ज्याचं त्यानं ठरवायचं. .३०८ हे काडतूस मुळात एवढ्या अंतरासाठी केलेलंच नाही. त्याला तिथवर न्यायचं तर घरच्या बाकावर बसून एकेक काडतूस जुळवून भरावं लागतं. गेली काही वर्षं मी यात आहे. मराठीत यावर सलग लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

एक आधीच सांगतो. दारूच्या वजनाचे आकडे मी देणार नाही आणि प्रतिसादांतही कुणी देऊ नयेत अशी विनंती. एका रायफलीत सुरक्षित असलेला भार दुसरीत धोक्याचा ठरतो. गोळी आणि दारू बनवणाऱ्या कंपन्यांची मॅन्युअल असतात, त्यांत किमान आणि कमाल दोन्ही दिलेलं असतं. सुरुवात किमान आकड्यानंच करायची.

आता जड गोळी कशासाठी? कागदाच्या लक्ष्यावर जोराचा मार करून काही मिळत नाही. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे.

गोळी जितका वेळ हवेत, तितकी ती वाऱ्यानं सरकणार, असं आपण धरून चालतो. हिशेब वेगळा आहे. निर्वात जागेत ती जितक्या वेळात पोचली असती, त्यापेक्षा हवेच्या रोधामुळे तिला किती उशीर झाला ते काढायचं. त्या उशिराला आडव्या वाऱ्याच्या वेगानं गुणलं की ती किती सरकली ते मिळतं. १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला २६०० फुटांनी निघाली, तर निर्वातात हजार यार्ड साधारण १.१५ सेकंदांत जाईल. हवेत तिला १.७ सेकंद लागतात. उशीर ०.५५ सेकंद. ताशी १० मैलांचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला १७६ इंच. गुणाकार करा: ९७ इंच, म्हणजे आठ फूट! आता २१५ ग्रेनची लांब, निमुळती गोळी घ्या. ती २५०० फुटांनीच निघते. निर्वातात १.२ सेकंद, हवेत १.५७ च्या आसपास. उशीर ०.३७, सरकणं ६५ इंच. आकडे ढोबळ आहेत, पण फरक खरा आहे. निघताना हळू असलेली गोळी वाऱ्यात अडीच फूट कमी सरकली. वारा ओळखण्यात माझी जी चूक व्हायची ती होणारच, पण तिची शिक्षा दोन-तृतीयांशावर आली.

याचं कारण साधं आहे. व्यास .३०८ इंचच राहणार, म्हणजे वजन वाढवायचं तर लांबी वाढवावी लागते. त्याच छिद्रातून जास्त वस्तुमान जातं आणि लांबीमुळे नाक व शेपूट निमुळतं करायला जागा मिळते. हे सगळं मिळून बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवेचा रोध कापण्याच्या क्षमतेचा आकडा, वाढतो. पाकिटावर बहुधा जी-१ या प्रमाण गोळीशी ताडून काढलेला मोठा आकडा छापलेला असतो. जी-१ ची प्रमाण गोळी जुन्या धाटणीची, सपाट बुडाची आहे. लांब, होडीच्या बुडाच्या गोळीला जी-७ चा आकडा घ्यावा, नाहीतर हजाराच्या पुढे गणित घसरत जातं.

दुसरं कारण आवाजाच्या वेगाचं. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला तो सेकंदाला १११६ फूट. वरची १७५ ग्रेनची गोळी हजार ओलांडली की त्या उंबऱ्याशी येते आणि बाराशेला पोचेपर्यंत त्याच्या खाली गेलेली असते. हा उंबरा ओलांडताना काही गोळ्या डगमगतात. २१५ ग्रेनची गोळी बाराशेलाही १२५०-१३०० फुटांच्या आसपास असते.

मग जड गोळीची किंमत काय? पहिली किंमत पिळाची. नळीच्या आतल्या खाचा किती इंचांत एक वेढा पूर्ण करतात तो पिळ. गोळीचं जडपण नळीला कळत नाही, तिला लांबी कळते. भोवरा जितका उंच तितका तो जोरात फिरवावा लागतो, तसंच. वूलिचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सूत्र दिलं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी. आजच्या गोळ्यांना डॉन मिलर यांचं २००५ चं सूत्र जास्त लागू पडतं. त्यातून स्थिरतेचा एक गुणांक मिळतो. १ च्या खाली गोळी कोलमडते, आणि १.५ असला तर निश्चिंत. दीड इंचाहून जरा लांब अशी २१५ ग्रेनची गोळी १२ इंची पिळात घातली तर गुणांक जेमतेम १ च्या आसपास येतो, म्हणजे कागदावर आडवं भोक पडण्याची वेळ. १० इंची पिळात दीडच्या जवळ. मी ९ इंची घेतली. थंडीत हवा दाट होते आणि गुणांक खाली येतो. इंग्लंडातल्या मार्चच्या सकाळी काठावरचा पिळ उपयोगाचा नाही.

दुसरी किंमत पुंगळीतल्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातल्या, जागेची. .३०८ ची ठरलेली कमाल एकूण लांबी २.८ इंच. लांब गोळी त्या मापात बसवली तर तिचं बूड पुंगळीत खोल घुसतं, दारूची जागा खातं आणि दाब झपाट्यानं चढतो. उपाय म्हणजे नळीचा घसा, म्हणजे खाचा सुरू होण्याआधीचा भाग, लांब कापून घेणे. मॅगझिन नसतंच, एकेक काडतूस हातानं घालायचं, त्यामुळे एकूण लांबीचं बंधन राहत नाही. गनस्मिथकडे जाताना ज्या गोळीसाठी नळी करायची ती बसवलेलं, दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) नसलेलं काडतूस सोबत न्या. गोळीचं पूर्ण जाडीचं अंग जिथे संपून होडीसारखा उतार सुरू होतो, ती जागा पुंगळीच्या मानेच्या खाली उतरू नये. एवढं त्याला दाखवलंत की तो पुढचं बघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वेगातला सारखेपणा. एकाच पेटीतल्या दोन काडतुसांत सेकंदाला १० फुटांचा फरक पडला, तर हजार यार्डांवर वर-खाली साडेतीन इंचांच्या आसपास फरक पडतो आणि बाराशेला त्याहून बराच जास्त. शंभर यार्डांवर हा फरक दिसतच नाही. तिथे एकाच भोकात पाच गोळ्या घालणारं काडतूस लांब गेल्यावर उभी रांग पाडतं. म्हणून मी जलद काडतुसाच्या मागे लागत नाही. कमाल दाबाच्या बऱ्यापैकी खाली राहून, प्रत्येक वेळी तोच वेग देणारं काडतूस हवं.

माझी रीत थोडक्यात: पुंगळ्या लापुआ कंपनीच्या, एकाच लॉटच्या. दर वेळी पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) एक-दोन हजारांश इंच मागे, त्याहून जास्त नाही. मान तापवून मऊ करणं नियमित. गोळी मानेत किती घट्ट बसते ते सगळ्या पुंगळ्यांत एकसारखं. दारू दोन शतांश ग्रेनपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. यातल्या कशावरही सविस्तर विचारा.

चिंच_गूळ

बरंचसं पहिल्यांदाच वाचतेय, पण उशिराचा हिशेब एकदम समजला. दोन शंका. ग्रेन म्हणजे ग्रॅमच्या हिशेबात किती? आणि दाब जास्त झालाय हे घरी बसून कळतं तरी कसं? दाब मोजायचं यंत्र असतं का तुमच्याकडे?

गगनबावडा

@चिंच_गूळ, एका पौंडात ७००० ग्रेन, एका ग्रॅममध्ये १५.४३. म्हणजे २१५ ग्रेन जवळजवळ १४ ग्रॅम. गोळीचं आणि दारूचं वजन दोन्ही ग्रेनमध्येच मोजतात.

दाब मोजायचं यंत्र बहुतेकांकडे नसतं. युरोपच्या सीआयपी नियमांत .३०८ ची मर्यादा ४१५० बार आहे, पण ती प्रयोगशाळेतल्या नळीवर मोजतात. आपल्याला खुणांवर जावं लागतं. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडताना जड जाणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा, चकचकीत ठसा, प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरणं, प्रायमरचा खळगा सैल पडणं. पण या खुणा दिसेपर्यंत दाब मर्यादेच्या वर गेलेला असतो, आणि प्रायमर चपटे होण्याला इतरही कारणं असतात. त्यामुळे मी क्रोनोग्राफलाच, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रालाच, जास्त मानतो. मॅन्युअलमधल्या कमाल भाराला जो वेग दिलाय, तो माझ्या नळीत आधीच येऊ लागला तर दाबही तिथे पोचला असं समजून मी थांबतो. फुकटचा वेग कुठून येत नाही. नळी त्यांच्यापेक्षा लांब असेल तर थोडा हिशेब धरावा लागतो, एवढंच.

ओहायोवासी

छान धागा. मी अमेरिकेत एफ-क्लासमध्ये एफ-टीआर खेळतो. न माहीत असणाऱ्यांसाठी: जॉर्ज फर्क्युहर्सन या कॅनडाच्या नेमबाजाच्या नावावरून 'एफ'. एफ-टीआरमध्ये पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू), मागे वाळूची पिशवी, काडतूस .२२३ किंवा .३०८ यांपैकीच, आणि बायपॉडसकट रायफल सव्वाआठ किलोच्या आत. हजार यार्डांवर दहाचं वर्तुळ दहा इंचांचं आणि आतलं एक्स पाच इंचांचं. गगनबावडांनी दिलेले वाऱ्याचे ६५ आणि ९७ इंच या दहा इंचांशेजारी ठेवून बघा.

मी २०० ग्रेनवर आहे. २१५ वापरून पाहिली, गणितात ती पुढेच आहे, पण सव्वाआठ किलोच्या मर्यादेत धक्का इतका वाढतो की रायफल दर गोळीला त्याच रेषेत मागे येत नाही. वाऱ्यात मिळवलेलं बायपॉडवर जातं. एफ-टीआरमध्ये पुष्कळ जण १८५ ते २०० वर स्थिरावलेत याचं मला हेच कारण दिसतं. तुम्ही पालथं झोपून, खांद्यावर पट्टा ताणून धरता, तुमचं गणित वेगळं असू शकेल.

सिएरा कंपनीच्या १६८ ग्रेनच्या मॅचकिंग गोळीबद्दल एक भर घालतो, कारण नवे लोक हमखास तिच्यापासून सुरुवात करतात. ती ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीसाठी केलेली गोळी आहे आणि तिथे अप्रतिम आहे. पण तिच्या बुडाचा उतार १३ अंशांचा, फार तीव्र. हजारच्या अलीकडे आवाजाच्या वेगाशी आली की तिचं संतुलन जातं. १७५ मध्ये हा उतार ९ अंशांचा केला, आणि अमेरिकी सैन्याच्या एम-११८ लाँग रेंज काडतुसात तीच आहे. सात ग्रेनचा फरक, पण काम आकारानं केलं. नुसतं वजन बघून गोळी निवडू नका.

आणि ज्यांच्यावर कॅलिबरचं बंधन नाही त्यांनी .३०८ च्या मागे लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं, त्याची १४० ग्रेनची गोळी ८ इंची पिळात कमी धक्क्यात हेच काम करते, आणि कारखान्याच्या रायफलीतसुद्धा घसा आणि पिळ लांब गोळी धरूनच केलेला असतो.

गगनबावडा

@ओहायोवासी, १६८ चं लिहिलंत हे फार बरं झालं. धक्क्याबद्दल सहमत. आमच्याकडे काही जुने लोक उताणे झोपून, पाय पुढे आणि रायफल पायांवर टेकवून मारतात. त्यांना जड गोळीचा धक्का वेगळ्याच तऱ्हेनं लागतो, तरी ते २१० च्या खाली येत नाहीत.

६.५ बद्दल वाद नाही. बंधन नसतं तर मीही तिकडेच असतो. पण बंधनात राहून बाराशेपर्यंत जाण्यात जी खोदकामाची मजा आहे तिच्यासाठीच मी मॅच रायफल खेळतो.

ओहायोवासी

दारूचं वजन ठरवायला कोणती पद्धत? मी क्रेटन ऑडेटची शिडी वापरतो. ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांनी एकेक गोळी, लांबच्या लक्ष्यावर. ज्या दोन-तीन पायऱ्या एकाच उंचीवर लागतात तिथे 'नोड'. त्याच्या मध्यावर वजन ठरवायचं. मला दर नळीला असा सपाट भाग सापडलाय.

आकडेमोड

इथे मला बोलावंच लागेल. मी बंदूक चालवत नाही, पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. भाऊ एअर रायफल खेळतो म्हणून धागा उघडला.

एका वजनाला एकच गोळी मारून मिळालेल्या ठिपक्यांत सपाट भाग दिसणं हे स्वाभाविक आहे, नोड असो वा नसो. समजा वेग वजनाबरोबर सरळ रेषेत वाढतोय आणि गोळ्यांच्या वेगात ८ फुटांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) आहे. ०.२ ग्रेननं सरासरी वेग साधारण १० फुटांनी वाढत असेल. म्हणजे पायरीची उंची आणि योगायोगाची चढउतार जवळजवळ सारखीच. अशा दहा पायऱ्यांत कुठेतरी दोन-तीन ठिपके एका रेषेत येणारच. तीच शिडी पुन्हा मारा, सपाट भाग दुसरीकडे दिसेल.

दुसरं, पाच गोळ्यांवरून काढलेलं प्रमाण विचलन फार कच्चं असतं. पाच गोळ्यांत ८ आलं, तर ९५ टक्के विश्वासानं एवढंच म्हणता येतं की खरं विचलन साधारण ५ आणि २३ च्या मध्ये कुठेतरी आहे. वीस गोळ्यांत ८ आलं तर ६ ते १२. 'एका भारानं ६ दिलं, दुसऱ्यानं ९, म्हणून पहिला चांगला' हा निष्कर्ष पाच-पाच गोळ्यांवर टिकत नाही.

आणि सर्वाधिक-उणे-सर्वांत-कमी हा आकडा, ज्याला तुम्ही ईएस म्हणता, तो गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जातो. पाच गोळ्यांत सरासरीनं विचलनाच्या २.३ पट, वीस गोळ्यांत ३.७ पट. तीन गोळ्यांची ईएस सांगणाऱ्याची आणि वीस गोळ्यांची सांगणाऱ्याची तुलना होऊच शकत नाही.

ओहायोवासी

@आकडेमोड, मुद्दा समजतो. पण मी शिडीवर मिळालेल्या जागेची पुढे तपासणी करतो, आणि स्पर्धेत ती टिकते. इतकी वर्षं इतके चांगले नेमबाज हेच करतायत, त्यात काहीच नसेल असं मानणं जड जातं. शिवाय नळी थरथरते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तोंड कुठे असतं यानं फरक पडतो हे तर मोजलेलं आहे.

आकडेमोड

थरथर खरी असेलच, ती मी नाकारत नाही. मी एवढंच म्हणते की एकेक गोळीची शिडी ती पकडू शकत नाही. तपासणीत तुमची जागा टिकते, पण तिच्या ०.४ ग्रेन बाजूची जागाही तशीच टिकली असती का, हे तुम्ही तपासलंय का? तपासलं नसेल तर निवड शिडीनं केली की चांगल्या पुंगळ्या-गोळ्यांनी, हे ठरवता येणार नाही.

गगनबावडा

दोघांचंही वाचून माझं मत लिहितो. माझं पारडं आकडेमोड यांच्याकडे झुकतं. शिडीचा मला एक खरा उपयोग दिसतो: खालून वर जाताना दाबाच्या खुणा कुठे सुरू होतात आणि वेग कसा चढतो हे कमी गोळ्यांत कळतं. म्हणजे ती सुरक्षिततेची चाचणी म्हणून उत्तम आहे. पण त्यावर दारूचं वजन ठरवत नाही. मी दोन-तीन वजनं निवडतो, सगळी कमालच्या खाली, आणि प्रत्येकाची वीस-वीस काडतुसं वेगवेगळ्या दिवशी मारतो. बहुतेक वेळा त्यांत फारसा फरक नसतो, मग त्यांतलं हलकं घेतो. नळी जास्त टिकते आणि उन्हाळ्यात दाब वाढायला जागा राहते.

फरक पडतो तो घटक बदलल्यावर. प्रायमर बदलला, दारू बदलली, पुंगळी बदलली तर विचलन स्पष्ट हलतं. लापुआच्या छोट्या प्रायमरच्या 'पाल्मा' पुंगळ्या जड गोळ्यांना मला जास्त आवडतात. खळगा लवकर सैल होत नाही. आणि गोळी खाचांपासून किती मागे बसवायची याचा परिणाम कागदावर दिसतो. लांब टोकाच्या जुन्या व्हीएलडी (व्हेरी लो ड्रॅग, म्हणजे फार कमी रोधाच्या) गोळ्या याबाबत फार नखरेल. हायब्रिड आकाराच्या, म्हणजे नाकाचा बाक खालच्या बाजूला मवाळ ठेवलेल्या गोळ्या त्या मानानं निमूट.

मोडीवाचक

तंत्रातलं मला फारसं कळत नाही, पण बिस्ली आणि जड गोळी म्हटल्यावर इतिहासातलं लिहितो.

लांब, बारीक गोळीचा धडा इंग्रजांना १८५७ च्या सुमारासच मिळाला होता. त्या वर्षीच्या उठावात ज्या एनफील्डच्या काडतुसांवरून ठिणगी पडली, तिची गोळी ५३० ग्रेनची, नळीचा व्यास .५७७ इंच, आणि पिळ ७८ इंचांत एक. त्याच काळात जोसेफ व्हिटवर्थ यांनी षट्कोनी छिद्राची रायफल केली. गोळीचं वजन तेवढंच, ५३० ग्रेन. पण व्यास .४५१ आणि पिळ २० इंचांत एक. वजन तेच ठेवून गोळी बारीक आणि लांब केली. इंग्लंडमधल्या हाईदच्या चाचण्यांत तिनं एनफील्डला लांब पल्ल्यावर फार मागे टाकलं. २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या मैदानावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियानं केलं ते टेकूवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून, ४०० यार्डांवर.

आणि बिस्लीत 'कोलापोर' नावाची स्पर्धा आजही होते, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? हे आपलं कोल्हापूर. कोल्हापूरच्या राजांनी दिलेल्या चषकासाठी १८७१ पासून ती खेळली जाते, तेव्हा विम्बल्डनला, १८९० पासून बिस्लीला. ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे आठ-आठ जणांचे संघ, ३००, ५०० आणि ६०० यार्ड. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथे त्यांचं स्मारक आहे. पुढे तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य. तेव्हा कोल्हापूर आणि रायफल यांचं नातं चांगलं दीडशे वर्षांचं भरतं.

गगनबावडा

@मोडीवाचक, फार मोलाची भर. मी स्वतः कोल्हापूर जिल्ह्यातला. कोलापोरच्या दिवशी फलकावर ते नाव वाचताना दरवर्षी ऊर भरून येतो. ती 'टार्गेट रायफल' या दुसऱ्या प्रकारातली स्पर्धा असल्यानं तिथे जड गोळी आणि स्वतः भरलेली काडतुसं नसतात, पण मैदान तेच.

व्हिटवर्थचं उदाहरण मी आता नवशिक्यांना सांगत जाईन. वजन समान ठेवून नुसता आकार बदलल्याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही.

जुना_नेमबाज

सैन्यातून निवृत्त. .३०३ ली-एनफील्डवर शिकलो, नंतर इशापूरच्या कारखान्याची ७.६२ रायफल. वर नळीच्या थरथरीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

ली-एनफील्डची ख्याती अशी की जवळच्या अंतरावर बेताची, आणि ९००-१००० यार्डांवर तिच्या मानानं फारच चांगली. याचं कारण जुन्या लोकांनी शोधून ठेवलंय. तिचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, बॉडी लवते, नळीचं तोंड वर-खाली हलतं. हळू गोळी जरा उशिरा बाहेर पडते, तेव्हा तोंड किंचित वर गेलेलं असतं. म्हणजे जी गोळी जास्त पडणार तीच वरून निघते, आणि ठरावीक अंतरावर जलद-हळू दोन्ही गोळ्या एका उंचीवर येतात. तेव्हा थरथर मोजता येते आणि उपयोगीही पडते. आकडेमोड ताईंचा मुद्दा मान्य, एकेका गोळीवर ते दिसणार नाही. पण ते आहे.

तरुणांना एक सांगणं. इथे वाऱ्याची चर्चा गोळीच्या बाजूनं झाली. गोळी कितीही जड घ्या, झेंडे आणि मृगजळाची लाट वाचायला शिकल्याशिवाय हजारला काही खरं नाही. दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या जरा अलीकडे आणा, लाट कुठे वाहते ते पाहा. लाट सरळ वर उकळायला लागली की वारा दिशा बदलतोय किंवा तुमच्या रेषेत आलाय. तेव्हा घाईनं चाप ओढू नये.

गोदाकाठ

उत्तम माहिती, वाचनखूण साठवली. नाशिकमधून विचारतो: भारतात हे करता येतं का? मी .२२ नं ५० मीटर मारतो. काडतुसं महाग झालीत, म्हणून भरून वापरता येतील का असं मनात आलं होतं.

जुना_नेमबाज

@गोदाकाठ, नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, आणि तुमचा शस्त्र परवाना म्हणजे उत्पादनाचा परवाना नव्हे. नेमबाजांनी काडतुसं संघटनेच्या मार्फत आणि परवान्यावरच घ्यायची. यात पळवाट शोधू नका, एका चुकीनं परवाना आणि खेळ दोन्ही जाईल. दुसरं म्हणजे .२२ रिमफायर आहे. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि पिन ती कडच चेपते. ती पुंगळी पुन्हा वापरायची नसते.

तुमच्यासाठी मार्ग वेगळा. चांगले नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीत मारून बघतात आणि जो लॉट जुळतो तो एकदम घेऊन ठेवतात.

गगनबावडा

जुना_नेमबाज यांनी लिहिलं ते नीट वाचा, भारतातल्या सगळ्यांनीच. मी जे करतो ते इंग्लंडच्या कायद्यात बसतं म्हणून. इथे पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट मिळतं, पाच वर्षांचं. एका वेळी किती काडतुसं बाळगायची ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि दारू व प्रायमर घेताना ते दाखवावं लागतं.

चिंच_गूळ

अजून एक विचारू? सगळं जुळून आलं, एक भार ठरला, की मग तो कायमचा का? की दर वर्षी पुन्हा हे सगळं?

गगनबावडा

@चिंच_गूळ, कायमचा नसतो. तीन गोष्टी त्याला हलवतात.

दारूचा नवा डबा. लॉट क्रमांक बदलला तर त्याच नावाच्या दारूचा वेगही थोडा हलतो. म्हणून मी एकाच लॉटचे डबे घेतो, आणि नवा लॉट आला की भार खाली आणून क्रोनोग्राफवर पुन्हा वर चढतो. जुन्याच वजनानं थेट भरत नाही.

नळीचा घसा झिजतो. खाचांची सुरुवात हळूहळू पुढे सरकते आणि गोळीची उडी, म्हणजे खाचांना भिडेपर्यंतचं अंतर, वाढते. दर हंगामाच्या आधी मी ती जागा मोजतो. गोळी लगेच पुंगळीत कमी खोल बसवू लागत नाही, कागदावर गोळ्यांचा गट मोठा दिसू लागला तरच बदलतो.

आणि तापमान. मार्चमध्ये ठरवलेल्या भाराचा वेग जुलैच्या उन्हात जास्त येतो, किती ते दारूवर अवलंबून. काडतुसांची पेटी सावलीत ठेवायची, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट पाहत बसायचं नाही. वारा सोयीचा झाला की मगच घालायचं. जड गोळ्यांच्या बाबतीत हे जास्त पाळावं लागतं, कारण पुंगळीत मोकळी जागा कमी असल्यानं दाब लवकर चढतो. गेल्या हंगामातली वेगांची वही मी याच्यासाठीच सोबत ठेवतो: तारीख, तापमान, लॉट, सरासरी वेग, विचलन. हव्या असतील तर त्या वहीचे रकाने कसे आखलेत ते वेगळ्या प्रतिसादात देतो.